बाळाची रेघ

भोपाळच्या तुलसीनगरात किंवा टी. टी. नगरात एखाद्या मराठी घरी लेक बाळंतपणाला माहेरी आली, की बाळाची तपासणी दोन भाषांत सुरू होते. आजी दंड चाचपून म्हणते, "अजून बाळसं धरलं नाही गं." शेजारच्या काकी डोकावून जातात आणि म्हणतात, "बच्चा थोड़ा कमज़ोर लग रहा है, ऊपर का दूध शुरू कर दो बेटा." बाळाची आई दोघींकडे बघते आणि रात्री मोबाइलवर शोधत बसते, की चार महिन्यांच्या बाळाचं वजन किती असावं.

प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका आकड्यात मावत नाही. समजा, अंगणवाडीत वजनाच्या दिवशी नऊ महिन्यांच्या दोन मुली आल्या. पहिली ७ किलो भरली, दुसरी ८ किलो २०० ग्रॅम. दुसरीचे गाल वर आलेले, मनगटाला वळ्या पडलेल्या. तिला बघून कुणीही म्हणेल, नजर लागेल हो, तीट लावा. काळजी वाटेल ती पहिलीची. आता दोघींची कार्डं उघडू. पहिली जन्मली तेव्हा २ किलो ७०० ग्रॅमची होती. तिसऱ्या महिन्यात ५ किलो, सहाव्यात ६ किलो ३०० ग्रॅम, नवव्यात ७ किलो. हे ठिपके जोडले, तर एक शांत, वर चढणारी रेघ दिसते. दुसरीचं वजन सातव्या महिन्यातही ८ किलो २०० ग्रॅमच होतं. म्हणजे दोन महिने तिची रेघ जागची हललेली नाही. डॉक्टर आधी बोलावतील ते या दुसऱ्या मुलीच्या आईला.

बाळसं डोळ्यांना दिसतं, वाढ मात्र कागदावर दिसते. आणि कागदावरसुद्धा एका ठिपक्याला फारसा अर्थ नसतो. दोन-तीन ठिपके जोडले की तो येतो.

ही गोष्ट आधी ओळखली ती डेव्हिड मॉर्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञानं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तो पश्चिम नायजेरियातल्या इमेसी नावाच्या खेड्यात काम करत होता. मुलं दवाखान्यात यायची तेव्हा हाडांची काडं झालेली असायची. मुलाची घसरण त्याआधी काही महिने सुरू झालेली असते आणि ती घरात कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्यानं साधा तक्ता केला: आडव्या रेषेवर वय, उभ्या रेषेवर वजन. तो दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईच्याच हाती दिला. त्याला नाव पडलं 'आरोग्याचा रस्ता'. ठिपका कुठे आहे, यापेक्षा रस्ता कुठे चालला आहे ते बघा, असं तो तक्ता सांगत होता. आज आपल्याकडे आशाताई किंवा अंगणवाडीताई जे माता-बाल संरक्षण कार्ड देतात, त्यातला वाढीचा आलेख याच तक्त्याच्या वंशातला. मुलींचा गुलाबी, मुलांचा निळा. त्यात हिरवा, पिवळा आणि नारिंगी असे तीन पट्टे.

हे पट्टे कुठून आले, हेही जाणून घेण्यासारखं आहे, कारण आजी आणि डॉक्टर यांच्यातल्या बऱ्याच वादांचं मूळ तिथं आहे. जगभर अनेक वर्षं वापरला गेलेला जुना आलेख १९७०च्या दशकात अमेरिकेत तयार झाला. त्यातली तान्ह्या बाळांची मोजमापं ओहायो राज्यातल्या एका गावाच्या परिसरातल्या गोऱ्या, मध्यमवर्गीय मुलांची होती आणि त्यातली बहुतेक बाटलीच्या दुधावर वाढलेली. अंगावर पिणारं बाळ पहिले दोन-तीन महिने झपाट्यानं वाढतं, मग जरा मंदावतं. बाटलीवरचं बाळ पुढेही जाड होत राहतं. त्यामुळे त्या जुन्या आलेखावर अंगावर पिणारं ठणठणीत बाळ चौथ्या-पाचव्या महिन्यात 'मागे पडलेलं' दिसायचं. आईला सांगितलं जायचं, तुझं दूध पुरत नाही, वरचं सुरू कर. चूक आलेखाची होती, दोष आईच्या माथी बसायचा. शेजारच्या काकींच्या सल्ल्यात त्या काळाचा पडसाद अजून ऐकू येतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं म्हणून नव्यानं मोजणी केली. १९९७ ते २००३ या काळात सहा ठिकाणची मुलं मोजली गेली: ब्राझीलमधलं पेलोतास, घानाची राजधानी आक्रा, नॉर्वेचं ओस्लो, ओमानचं मस्कत, अमेरिकेतलं डेव्हिस आणि आपली दिल्ली. एकूण सुमारे साडेआठ हजार मुलं. निवडताना अटी कडक होत्या: आई धूम्रपान न करणारी, घरची परिस्थिती वाढीच्या आड न येणारी, बाळ अंगावर पिणारं. मुलं कशी वाढतात एवढंच न बघता, सगळं नीट मिळालं तर ती कशी वाढू शकतात, हे मोजायचं होतं. निष्कर्ष चकित करणारा होता. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या लांबीत जो फरक दिसला, त्यातला सुमारे ७० टक्के एकाच ठिकाणच्या मुलामुलांमधला होता. देशादेशांतला फक्त ३ टक्के. दक्षिण दिल्लीतलं बाळ आणि ओस्लोतलं बाळ जवळजवळ एकाच रेघेवर चाललं होतं. "आपल्याकडची मुलं बारीकच असतात" या वाक्याला तेव्हापासून आधार उरला नाही. २००६ साली ही मानकं जाहीर झाली आणि २००९पासून भारतातल्या अंगणवाड्यांत आली.

आता आकडे पाहू. या मानकांप्रमाणे मधोमध असलेली मुलगी जन्मताना ३ किलो २०० ग्रॅमची असते. तीन महिन्यांची होते तेव्हा ५ किलो ८०० ग्रॅम, सहा महिन्यांची ७ किलो ३०० ग्रॅम, नऊ महिन्यांची ८ किलो २०० ग्रॅम आणि वर्षाची ८ किलो ९०० ग्रॅम. मुलगा थोडा पुढे असतो: जन्मताना ३ किलो ३०० ग्रॅम, सहाव्या महिन्यात ७ किलो ९०० ग्रॅम, पहिल्या वाढदिवसाला ९ किलो ६०० ग्रॅम. हे आकडे म्हणजे परीक्षेतले पैकीच्या पैकी गुण नव्हेत. निम्मी निरोगी बाळं या आकड्यांच्या खालीच असणार. मधोमध या शब्दाचा अर्थच तो. वर्षाची मुलगी ७ किलोच्या वर आणि मुलगा ७ किलो ७०० ग्रॅमच्या वर असला, की तो ठिपका हिरव्या पट्ट्यात पडतो. त्याखाली पिवळा आणि आणखी खाली नारिंगी.

आकड्यांच्या मधली अंतरं जास्त बोलकी आहेत. मुलीचं वजन पहिल्या तीन महिन्यांत २ किलो ६०० ग्रॅमनं वाढलं, पुढच्या तीन महिन्यांत दीड किलोनं, त्यापुढच्या तीनमध्ये ९०० ग्रॅमनं आणि शेवटच्या तीनमध्ये ७०० ग्रॅमनं. जन्माचं वजन चार-पाच महिन्यांत दुप्पट होतं, पण जवळजवळ तिप्पट व्हायला वर्ष लागतं. म्हणून "आधी कसं छान वाढत होतं, आता वाढतच नाही" ही तक्रार सहाव्या-सातव्या महिन्यात घरोघरी ऐकू येते. बाळ खात असलेल्या ऊर्जेपैकी पहिल्या महिन्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नुसती अंग भरण्यात जाते. वर्षाचं होईतो हा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास येतो. ते पालथं पडू लागतं, रांगतं, पलंगाचा कठडा धरून उभं राहतं. चरबीची पुंजी मोडून ते हालचाल विकत घेत असतं. वाढ थांबणं वेगळं आणि मंदावणं वेगळं. मंदावलेली रेघ वर जाते, फक्त तिचा चढ कमी होतो.

पहिल्या आठवड्यात तर वजन उतरतं. अंगातलं जादा पाणी जातं, काळी शी पडते, आणि जन्माच्या वजनातले शंभरातले पाच-सात, कधी दहा भाग कमी होतात. बारशापर्यंत, म्हणजे दहा-बारा दिवसांत, ते भरून निघतं. दोन आठवडे उलटूनही बाळ जन्माच्या वजनावर परतलं नाही, तर मात्र दाखवायला हवं. नऊ महिने भरण्याआधीच जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना लवकर आलेले आठवडे वजा करावे लागतात. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ सहाव्या महिन्यात आलेखावर चार महिन्यांच्या जागी ठेवायचं. नाहीतर त्याच्यावर उगाच अन्याय होतो.

वजनाच्या जोडीला लांबी आणि डोक्याचा घेर. जन्मताना बाळ साधारण ५० सेंटिमीटर लांब असतं, वर्षाचं होईतो ७५. डोक्याचा घेर ३४ सेंटिमीटरवरून ४५-४६ वर जातो, कारण आतला मेंदू झपाट्यानं वाढत असतो. आजाराच्या चार दिवसांत वजन उतरतं आणि चार आठवड्यांत परत येतं. लांबी मात्र हळू हलते. ती खुंटली, तर काहीतरी महिनोन्‌महिने चुकत आलं आहे असं समजावं. वजन म्हणजे कालचं वर्तमानपत्र, लांबी म्हणजे घराण्याची वही.

इथं पुण्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं मोजायला घेतली. तिथल्या नवजात बाळाचं सरासरी वजन २ किलो ७०० ग्रॅम निघालं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळाचं साडेतीन किलो. पुण्याचं बाळ सगळीकडून लहान होतं, पोट आणि स्नायू तर फारच बारीक; पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. 'बारीक तरी जाड' असं हे बाळ. पुढं मधुमेहाकडे झुकणाऱ्या शरीराची पूर्वतयारी गर्भातच होते, हा विचार या कामातून पुढे आला. अशा बाळाला जन्मल्याबरोबर भरभरून डबे पाजून गुटगुटीत करणं म्हणजे आधीच असलेल्या चरबीवर चरबी चढवणं. लहान जन्मलेल्या बाळालाही आईचं दूधच द्यायचं, त्याच्या चालीनं वर येऊ द्यायचं.

गुटगुटीत हा शब्द आपल्या मनात एवढा घट्ट बसला, त्यात जाहिरातींचाही वाटा आहे. पावडरीच्या डब्यावरच्या गोंडस बाळानं कित्येक पिढ्यांना सांगितलं, की निरोगी बाळ असं दिसतं. १९९२च्या कायद्यानं भारतात डब्यावर बाळाचं चित्र छापायला आणि अशा दुधाची जाहिरात करायला बंदी आली. चित्र डब्यावरून गेलं, डोळ्यांतून अजून गेलेलं नाही.

भोपाळकडे परत येऊ, कारण या शहराला वाढीचा आलेख वाचायची एक दुखरी सवय लागलेली आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. वायुपीडितांसाठी काम करणाऱ्या 'संभावना' या भोपाळच्या दवाखान्याशी संबंधित संशोधकांनी पुढे किशोरवयीन मुलांची मोजमापं घेतली. २००३ साली ती अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली. अगदी लहानपणी वायू अंगावर घेतलेल्या, किंवा वायू लागलेल्या आईबापांच्या पोटी नंतर जन्मलेल्या मुलग्यांची वाढ खुंटलेली दिसली. मुलींमध्ये तसं आढळलं नाही. अभ्यास लहान होता, पण त्यातून एवढं कळतं, की मुलाच्या रेघेत त्याच्या घरासोबत त्याच्या गल्लीतली हवा आणि पाणीही लिहिलेलं असतं.

आजच्या भोपाळमध्ये ती रेघ वाकवणारी कारणं जास्त ओळखीची आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत मध्य प्रदेशातली पाच वर्षांखालची सुमारे ३३ टक्के मुलं वयाच्या मानानं कमी वजनाची आढळली. आधीच्या २०१५-१६च्या फेरीत हा आकडा ४३च्या घरात होता. सुधारणा खरी आहे. आणि महाराष्ट्रातल्या वाचकानं नाक मुरडू नये: त्याच फेरीत महाराष्ट्राचा आकडा ३६ टक्के, म्हणजे मध्य प्रदेशाहून जास्तच होता.

फार खाली घसरलेल्या मुलांसाठी पोषण पुनर्वास केंद्रं आहेत. मध्य प्रदेशानं ती देशात लवकर उभी केली. भोपाळमध्ये ज्याला सगळे 'बारा सौ पचास' म्हणतात, त्या जयप्रकाश जिल्हा रुग्णालयातही असं केंद्र आहे. तिथं सहा महिन्यांवरच्या बाळाच्या दंडाला रंगीत पट्टी लावतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की पट्टी लाल दाखवते. दोन्ही पायांवर सूज असेल, तर वजन कितीही भरो, बाळ दाखल होतं. कारण ते वजन पाण्याचं असतं. आईसोबत साधारण दोन आठवडे मुक्काम. आधी थोड्या थोड्या अंतरानं पातळ दुधाचा आहार, मग घट्ट आणि जास्त ताकदीचा. एकदम पोटभर जेवण इथं औषध ठरत नाही. उपाशी शरीर ते सोसत नाही. आईला घरच्या सामानातून काय रांधायचं तेही शिकवतात, कारण रेघ पुढे घरीच चढायची असते.

तिथवर जायची वेळ बहुतेकांवर येत नाही आणि येऊही नये. त्यासाठी पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. सुरुवातीचं घट्ट, पिवळसर चिकाचं दूध टाकून द्यायचं नाही. मध नाही, बाळगुटी नाही, साखरेचं पाणी नाही. मधातून तान्ह्या बाळाला विषबाधेचा एक दुर्मिळ पण जिवावरचा आजार होऊ शकतो. भोपाळचा मे महिना चाळिशी ओलांडतो आणि घरातलं प्रत्येक माणूस विचारतं, एक चमचा पाणी तरी? आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. तहान लागली की बाळ जास्त वेळा पिईल, एवढंच. दूध पुरतं का, याची खूण दुपट्यात सापडते: पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि वजन चढत असेल, तर दूध पुरतंय. बाळ रडतं याला वेगळी शंभर कारणं असतात.

सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण. मध्य प्रदेशातल्या अंगणवाड्यांतही मंगळवारी अन्नप्राशनाचा छोटा सोहळा होतो. अडचण सोहळ्यानंतर सुरू होते. बहुतेक रेघा इथंच, सहाव्या ते नवव्या महिन्याच्या दरम्यान वाकतात. कारण वाटीत असतं डाळीचं पाणी. बाळाचं पोट मुठीएवढं. ते पाण्यानं भरलं, की अन्नाला जागा उरत नाही. आपल्या आज्यांचं खिमट याहून शहाणं होतं: तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, वाळवून, भाजून केलेली भरड, हिंग-जिऱ्यात मऊ शिजवलेली आणि वर तुपाची धार. भोपाळमध्ये हाताशी दलिया आहे, खिचडी आहे. चमचा तिरका केला तर घास ओघळू नये, इतपत घट्ट असावा. सहा-आठ महिन्यांत दिवसाला दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळा, आणि अंगावरचं दूध चालूच. लोहाचा जन्मजात साठा या सुमारास संपत आलेला असतो, म्हणून डाळ, हिरवी पालेभाजी, आणि घरी चालत असेल तर अंडं आणि मांस वर्षाच्या आतच सुरू करावं. चहात बुडवलेलं बिस्किट हा खाऊ नव्हे, तो भूक मारायचा उपाय. २०१९-२१च्या त्याच पाहणीत भारतातल्या सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम ११ टक्क्यांना किमान पुरेसा आहार मिळत असल्याचं दिसलं. यात गरिबी आहेच, पण ताट भरलेल्या घरांतलं डाळीचं पाणीही आहे.

आजारपणानं रेघ वाकते तीही बहुधा याच काळात. पावसाळ्यात जुलाब लागले की "पोटाला आराम" म्हणून खाणं तोडलं जातं. करायचं असतं उलट: अंगावर पाजत राहायचं, जलसंजीवनी आणि झिंक द्यायचं, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त.

वजन करण्यातही शिस्त हवी. काटा शक्यतो तोच, सुरुवातीला शून्यावर आणलेला. बाळ उघडं किंवा अगदी पातळ झबल्यात. लोकरीचा स्वेटर, पायांतले वाळे आणि ओलं दुपटं मिळून दोन-तीनशे ग्रॅम सहज होतात, आणि आठव्या महिन्यात सगळ्या महिन्याची कमाईच तेवढी असते. रोज वजन करून काही कळत नाही, नुसती धास्ती वाढते. महिन्यातून एकदा पुरे.

सुरुवातीच्या त्या दोन मुलींपैकी दुसरीच्या आईला अंगणवाडीताईंनी काय विचारलं असतं? सातव्या महिन्यात काय बदललं? ताप-जुलाब झाले का? कामावर जायला लागलीस का? दिवसा कोण भरवतं, वाटीत काय असतं? उत्तर बहुधा यातच सापडतं, आणि औषधाविना सुधारता येतं. पहिलीच्या आईला त्यांनी एवढंच सांगितलं असतं, की चाललंय तसंच चालू दे.

फक्त त्यासाठी ठिपके पडायला हवेत. सहा, दहा आणि चौदा आठवडे, मग नऊ महिने: लसीच्या या प्रत्येक खेपेला बाळाचं वजन करून घेता येतं. आशाताईही तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या महिन्यात घरी येतात. पुष्कळ कार्डांवर लसीच्या तारखा नीट भरलेल्या असतात आणि आलेखाचं पान मात्र कोरं. पुढच्या वेळी दंडावर कापसाचा बोळा धरून बाळ रडत असेल, तेव्हाच कार्ड पुढे करून म्हणा, ताई, ठिपका लावा आणि मागच्याला जोडून दाखवा. घरी आल्यावर आजीलाही ते पान दाखवा. दंड चाचपायचं ती काही सोडणार नाही, पण रेघ वर गेलेली तिलाही वाचता येते.